भरावाचे आश्वासन आणि मुरमाची जमीन

मुरूम, खडी आणि बांधकामाचा दगड यांच्या उत्खननाबाबत महाराष्ट्रात जेव्हा जेव्हा वाद उभा राहतो, तेव्हा एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो केवळ ठेकेदारांकडून नव्हे तर अनेक अभियंत्यांकडून, प्रशासनातील जबाबदार अधिकाऱ्यांकडून आणि पुष्कळदा स्वतः जमीनमालकांकडूनही केला जातो. त्याचे स्वरूप असे: रस्ते, धरणे आणि घरे यांना मुरूम लागतोच; तो ज्या जमिनीतून निघतो ती बहुधा माळाची, बरड, नापीक असते; काम संपले की पडलेला खड्डा धरणातील गाळाने भरता येतो किंवा त्याचे तळे करता येते; आणि पूर्वी जेथे कुसळे उगवत होती तेथे उलट चांगले पीक उभे राहते. या युक्तिवादाचे बळ असे की त्यातील प्रत्येक विधानात सत्याचा काही अंश आहे. रस्ते हवेत हे खरे आहे आणि गाळाने हलकी जमीन सुधारते हेही खरे आहे. परंतु हे अंश जोडून जो निष्कर्ष काढला जातो, म्हणजे जमीन आधी फोडावी आणि तिच्या दुरुस्तीचा विचार शेवटी करावा, तो मृदाशास्त्राच्या, भूजलशास्त्राच्या आणि शेतकऱ्याच्या रोजच्या अनुभवाच्याही विरुद्ध जातो. जमीन पुन्हा उभी राहणार की नाही, हे पहिला डंपर भरण्यापूर्वी वरच्या वीतभर मातीचे काय केले यावर ठरते. ती माती एकदा मुरमात मिसळून रस्त्याच्या भरावात गेली की त्यानंतर दिलेली कोणतीही हमी पाळली जाण्याजोगी राहत नाही.

महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून बनलेला काळा पाषाण आहे. या पाषाणाच्या वरच्या भागात पाणी, हवा आणि मुळे शिरून तो हळूहळू कुजतो, आणि कुजण्याच्या मधल्या अवस्थेत जो भुसभुशीत, पिवळसर-तपकिरी, खड्यांचा थर तयार होतो त्याला मुरूम म्हणतात. त्याच्याही वर, त्याच मुरमाचे आणखी विघटन होऊन आणि त्यात वनस्पतींचे अवशेष मिसळून, माती बनते. खाली खडक, मध्ये मुरूम आणि वर माती हा क्रम नैसर्गिक प्रक्रियेचा आहे, आणि ती प्रक्रिया इतकी संथ आहे की दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षेही लागू शकतात. मुरमाला बांधकामाच्या भाषेत ‘माल’ म्हटले जाते म्हणून तो जमिनीत निरुपयोगी पडून असतो, असा समज रूढ झाला आहे. वास्तविक दख्खनच्या पठारावर पाणी साठवण्याचे मोठे काम हाच थर करतो. अखंड बेसॉल्टला छिद्रे जवळजवळ नसतात. पावसाचे पाणी मुरते, थांबते आणि सावकाश सरकत विहिरीकडे जाते ते मुरमाच्या पोकळ्यांतून आणि त्याखालच्या भेगाळ खडकातून. कोरडवाहू गावातील उथळ विहीर डिसेंबरपर्यंत टिकते की दिवाळीतच तळ दाखवते, हे बऱ्याच अंशी तिच्या वरच्या अंगाला किती मुरूम शिल्लक आहे यावर अवलंबून असते. त्यामुळे टेकडीच्या पायथ्याचा मुरूम कठीण खडकापर्यंत खरवडला जातो, तेव्हा एका गटाची जमीनच नव्हे तर खालच्या अनेक गटांची पाण्याची साठवण उचलून नेली जाते. आणि ज्यांची विहीर आटते त्यांची परवानगी कोणी विचारलेली नसते, त्यांना मोबदलाही मिळत नाही.

‘जमीन नापीकच होती’ हे विधान म्हणूनच तपासून घेतले पाहिजे. शेतकरी ज्या जमिनीला बरड किंवा हलकी म्हणतो तिच्यात ऊस किंवा कपाशी जोमाने येत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असतो. त्याच जमिनीत बाजरी, मटकी, हुलगा आणि कारळे पिढ्यानपिढ्या येत आले आहेत, आणि अतिवृष्टीच्या वर्षी भारी काळी जमीन उबळते तेव्हा हातात काही उरते ते या निचऱ्याच्या जमिनीतूनच. जेथे नांगर कधी लागलाच नाही अशा माळरानांची गोष्ट याहून गंभीर आहे. मारवेल, पवना आणि कुसळीसारख्या गवतांवर धनगरांची मेंढरे आणि गावची गुरे जगतात; लांडगा, चिंकारा आणि धाविकसारखे पक्षी याच उघड्या गवताळ रानाचे रहिवासी आहेत, आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा परिसर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाला तो झाडांसाठी नव्हे, अशाच माळासाठी. तरीही उपग्रहचित्रांवर आधारलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात अशी बरीच कुरणे ‘पडीक’ या सदरात गणली गेली आहेत. एकदा जमिनीवर तो शिक्का बसला की तिच्यावरील प्रत्येक उद्योग सुधारणा ठरतो आणि गायरान, जे गावाच्या सामाईक उपजीविकेचे साधन आहे, ते सर्वांत आधी खोदले जाते, कारण त्याच्या बाजूने भांडणारा एकटा मालक नसतो.

आता या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम वाटणारा भाग, म्हणजे गाळाचा भराव. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली आणि तिच्यातून अनेक गावांत हलक्या जमिनी खरोखर सुधारल्या, हे मान्य करावेच लागते. परंतु ही सुधारणा ज्या कारणाने होते तेच कारण खाणीच्या खड्ड्यात गैरहजर असते. गाळ हा मुख्यतः चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचा, म्हणजे ०.००२ मिलिमीटरहून बारीक कणांचा बनलेला असतो. असे कण पाणी धरून ठेवतात, सहज सोडत नाहीत; म्हणून गाळाचा पातळ थर निचऱ्याच्या मुरमाड जमिनीवर पसरला की वरून ओलावा धरणारी माती आणि खालून जादा पाणी सोडणारा मुरूम अशी जोडी जमते. गाळाचे गुण मुरमाच्या आधाराने दिसतात. मुरूमच काढून नेलेल्या, उघड्या कातळाचा तळ असलेल्या खड्ड्यात तोच गाळ दोन-तीन मीटर जाडीने ओतला, तर पावसाचे पाणी खाली जायला वाट उरत नाही, मुळांभोवती हवा राहत नाही, आणि उन्हाळ्यात पृष्ठभागातून पाणी उडून जाताना त्यातील क्षार वर येऊन साचतात. क्षारांतील सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन ती पावसात चिखलासारखी पसरते आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते, अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. आणि चोपण सुधारणे किती खर्चिक व दीर्घ मुदतीचे असते, हे कालव्याच्या पाण्याने जमिनी बिघडलेल्या कृष्णाकाठच्या गावांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यातच ताजा भराव अनेक वर्षे असमान खचत राहतो, त्यात खळगे पडतात आणि प्रत्येक खळग्यात पाणी तुंबते.

येथे साधे गणितही पुरेसे बोलके आहे. एक हेक्टर क्षेत्र तीन मीटर खोल खोदले तर ३०,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १०,६०० ब्रास माल निघतो (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि चार ब्रासचा डंपर धरला तर अडीच हजारांहून अधिक खेपा होतात. तो खड्डा गाळाने भरायचा तर तितक्याच खेपा उलट दिशेने कराव्या लागतील. तेवढाच गाळ दहा सेंटिमीटर जाडीने पसरला असता तर तीस हेक्टर न फोडलेली हलकी जमीन सुधारली असती. ज्या दुष्काळी तालुक्यात गाळही मर्यादित आहे आणि डिझेलचा खर्चही शेतकऱ्याच्या अंगावर येतो, तेथे तीस शेतांचा गाळ एका खड्ड्यात घालण्याला जमीन-सुधारणा म्हणणे हा त्या योजनेवरही अन्याय आहे. प्रत्यक्षात इतका गाळ कोणी आणत नाही. जो येतो तो वरचा थर झाकण्यापुरता असतो आणि खाली बांधकामाचा राडारोडा, कधी औष्णिक वीज केंद्रांची राख भरली जाते. राखेत नत्र आणि सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतात, तिच्यातील बोरॉन आणि जड धातूंचे अंश पाण्याबरोबर झिरपू शकतात, आणि मुरमाची गाळणी काढून टाकलेल्या जागी ती विहिरीच्या पाण्याजवळ आणून ठेवणे याचे समर्थन करता येत नाही.

मग पुनर्स्थापना कशाने होते, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर वरच्या मातीपाशी येऊन थांबते. माती म्हणजे बारीक केलेला खडक नव्हे. वरच्या वीतभर थरात सेंद्रिय कर्ब, म्हणजे वनस्पतींच्या अवशेषांतून मातीत बांधला गेलेला कार्बन, एकवटलेला असतो. त्याच थरात जिवाणू, गांडुळे, गवतांचे बी आणि मायकोरायझा नावाच्या बुरशी असतात, ज्या पिकांच्या मुळांशी जोडल्या जाऊन त्यांना स्फुरद आणि पाणी मिळवून देतात. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील अनेक जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. जे थोडे आहे ते सगळे वरच आहे. जेसीबीचा दात एकाच फेरीत माती आणि मुरूम दोन्ही उचलतो, तेव्हा ही सर्व जमापुंजी हजारो ब्रास मालात विरून जाते आणि नंतर ती वेगळी काढण्याचा उपाय नाही. खताची पोती ओतून तिची भरपाई होत नाही, कारण खत अन्नद्रव्य देते, मातीची घडण देत नाही.

म्हणून कामाचा क्रम उलटा करणे हाच मुख्य उपाय आहे, आणि त्यात गूढ असे काही नाही. प्रथम वरची माती वेगळी खरवडून बाजूला ठेवावी, त्यानंतर तिच्याखालची मुरूममिश्रित उपमाती वेगळी ठेवावी, आणि मगच विक्रीचा माल काढावा. मातीचा ढीग ठेंगणा असावा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, बुरशी आणि बी मरतात, आणि दोन-तीन वर्षांनी तो पसरला जातो तेव्हा नाव मातीचे असले तरी जीव गेलेला असतो. याहून चांगली रीत म्हणजे ढीग करायचाच नाही: क्षेत्राचे पट्टे पाडावेत आणि दुसऱ्या पट्ट्यावरून खरवडलेली माती थेट पहिल्या, खोदून संपलेल्या पट्ट्यावर पसरावी, म्हणजे उत्खनन आणि पुनर्स्थापना एकाच हंगामात मागेपुढे चालतात. कठीण खडकावर मुरमाचा पुरेसा थर न खोदता राखून ठेवावा, कडांना सौम्य उतार द्यावा, निचऱ्याची वाट काढावी. आणि हे सर्व वाफशावर किंवा कोरड्यात करावे. ओल इतकीच आहे की ढेकूळ हातात फुटते पण हाताला चिकटत नाही, त्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतो, आणि वाफसा नसताना जो कुळवही घालत नाही त्याच शेतकऱ्याच्या जमिनीवर भर पावसात वीस-पंचवीस टनांचे डंपर फिरवले जातात. अशा दाबाने खालच्या थरातील पोकळ्या मिटतात. मूळ त्यातून जात नाही, पाणीही जात नाही, आणि वरून जमीन सपाट, सुबक दिसत असल्याने हा दोष पाहणीत कोणाच्या लक्षात येत नाही. पसरलेल्या मातीवर पहिली एक-दोन वर्षे ताग किंवा धैंचा घेऊन तो जमिनीत गाडणे, नंतर कडधान्य, आणि मग इतर पीक, हा क्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही अनुभवी शेतकऱ्याला परका नाही.

खड्ड्याचे तळे करता येते, हा प्रतिपक्षाचा दुसरा आधार. या संदर्भात ‘बुलढाणा पॅटर्न’चे उदाहरण दिले जाते, त्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव, नाले आणि नदीपात्रे खोल करून माती व मुरूम घेतला गेला आणि पाणीसाठा वाढला. ते काम चांगले आहे, पण त्याचा दाखला उलट बाजूला लागू होतो. तेथे पाण्याची जागा आधी निश्चित होती आणि माल तिच्यानुसार घेतला गेला. मुरूमखाणीत मालाची जागा आधी ठरते आणि पाण्याचे निमित्त मागाहून येते. ज्याला येवा नाही, म्हणजे ज्यात पाणी वाहून येणारे पाणलोट क्षेत्र नाही, असा टेकडीवरचा खड्डा पावसाचे थोडे पाणी धरतो आणि उन्हाळ्यापूर्वी कोरडा पडतो. आणि जो भूजलाच्या पातळीखाली गेला आहे त्यातील पाणी नव्याने आलेले नसते, शेजारच्या विहिरीचेच उघड्यावर येऊन उन्हात उडत असते. सरळ उभ्या कडांच्या, कुंपण नसलेल्या अशा खाणींत मुले आणि गुरे बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

झाडे लावल्याचा दाखलाही तितकाच अपुरा आहे, आणि त्यासाठी गोव्याकडे पाहावे. लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद पडण्यापूर्वीच्या दशकांत तेथे काढलेल्या निरुपयोगी मातीचे डोंगर उभे राहिले आणि त्यांच्यावर मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली. डोंगर हिरवे दिसू लागले. तरीही उतारांवरून आणि उघड्या भागांतून पावसाळ्यात वाहून आलेली माती नाल्यांत आणि भातखाचरांत साचतच राहिली. हिरवळ आणि पुनर्स्थापना यांत हा फरक आहे: झाडांची संख्या मोजता येते, छायाचित्रात दाखवता येते, अहवालात लिहिता येते, पण मूळ जमीन जे करत होती, म्हणजे पाणी मुरवणे, चारा देणे, पीक देणे, ते काम परत सुरू झाले की नाही हे त्या संख्येतून कळत नाही. माळरानाच्या जागी तर दाट झाडी हे नुकसानच ठरते.

या सगळ्यात कायदा काय करतो? १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने मुरूम, खडी, वाळू यांसारख्या ‘गौण खनिजां’चे नियमन राज्यांकडे सोपवले आहे. वरची माती वेगळी काढावी, वेगळी साठवावी आणि त्याच जमिनीच्या पुनर्स्थापनेसाठी वापरावी, हे केंद्राच्या २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत स्पष्टपणे लिहिले आहे. परंतु ते नियम गौण खनिजांना लागू नाहीत. म्हणजे जे खनिज बहुतेक प्रत्येक तालुक्यात, थेट शेतांमधून निघते, तेच मातीच्या या मूलभूत संरक्षणातून वगळलेले आहे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्टाधारकाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य करावी, अशी अट घालण्यास सांगितले. त्याच वर्षीच्या २८ मार्च रोजी मात्र केंद्राने रस्ते, जलवाहिन्या यांसारख्या प्रकल्पांसाठी साधी माती काढण्यास पर्यावरण परवानगीतून सूट दिली, आणि ती सूट मनमानी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द करेपर्यंत चार वर्षे गेली. ही वर्षे महाराष्ट्रात महामार्गांची कामे ऐन भरात असण्याची होती. बेकायदा उत्खननासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड आकारला जातो तो काढून नेलेल्या गौण खनिजाच्या बाजारमूल्याच्या पटीत. नष्ट झालेल्या मातीची किंमत त्या हिशेबात कोठेच येत नाही, कारण जी विकली गेली नाही तिला बाजारमूल्य नाही.

इतरत्र हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला आहे. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्याने उघड्या कोळसा खाणींसाठी हमीची रक्कम आधी भरून घेण्याची पद्धत घातली. लागवडीनंतर पाच वर्षे, आणि वार्षिक पाऊस २६ इंचांहून, म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटरहून, अधिक नसेल तेथे दहा वर्षे जबाबदारी खाणचालकावर राहते, आणि उत्तम शेतजमीन असेल तर आसपासच्या न खोदलेल्या शेतांइतके उत्पादन दाखवावे लागते. कोरड्या प्रदेशात जमीन सावकाश सावरते, हे त्या कायद्याने मान्य केले आहे. आणि सोलापूर, अहिल्यानगर किंवा पूर्व सांगलीचा बराच भाग याच पर्जन्यमानात मोडतो. कॅलिफोर्नियाने तर १९७५ पासूनच वाळू-खडीच्या खाणींनाही पुनर्स्थापनेच्या आराखड्याशी बांधले.

खर्चाचा आक्षेप येथे उपस्थित होतो, पण तो फार टिकत नाही. तीन मीटरच्या खोदाईत वीस सेंटिमीटर माती म्हणजे हाताळायच्या एकूण आकारमानाचा पंधरावा भाग. तेवढ्याची जास्तीची हाताळणी परवडत नसेल, तर त्या मुरमाची किंमतच चुकीची लावली गेली आहे आणि फरक शेजारचा विहीरमालक भरतो आहे. राहिला मालकाच्या संमतीचा मुद्दा, आणि तो अधिक सहानुभूतीने पाहिला पाहिजे. सलग दुष्काळात ज्याला बँक दारात उभी करत नाही अशा शेतकऱ्याला सपाटीकरणाच्या नावाखाली मुरूम देऊन रोख पैसे मिळतात, तेव्हा त्याला दोष देणे योग्य नाही. परंतु त्याने विकलेला असतो मुरूम. जमीन परत मिळेल या तोंडी शब्दावर तो विसंबतो, आणि रस्त्याचे काम संपून ठेकेदार पुढच्या जिल्ह्यात गेला की त्या शब्दासाठी दाद मागायला जागा उरत नाही. मुरमाचे बरेचसे उत्खनन अल्पमुदतीच्या परवान्यांवर चालते, त्यामुळे हमी ही परवान्याच्या मुदतीशी नव्हे तर पिकाशी जोडावी लागेल: स्वामित्वधनाबरोबरच हेक्टरी अनामत भरून घ्यावी, ती तिसऱ्या वर्षीच्या पिकाची शेजारच्या न खोदलेल्या शेताशी तुलना झाल्यावर आणि भोवतालच्या विहिरींच्या पातळीची नोंद पाहून मगच सोडावी, आणि ते झाले नाही तर ती रक्कम ठेकेदाराकडे न जाता जमीनमालकाच्या आणि विहीरमालकांच्या हाती पडावी. तोपर्यंत एवढे तर आजच करता येण्याजोगे आहे की ज्या अर्जाच्या नकाशावर वरच्या मातीच्या ढिगाची जागा, राखून ठेवायच्या मुरमाची जाडी आणि पट्ट्यांचा क्रम दाखवलेला नाही, तो अर्ज तहसील कार्यालयाने मंजूर करू नये.